झाकणे वेगळे, पुसणे वेगळे

पैगंबर मुहंमदांचे चित्र मुसलमानांनी कधी काढलेच नाही, असे आज अनेक मुसलमान मानतात आणि इतरही तसेच धरून चालतात. ही समजूत खोटी आहे. ती दिवसेंदिवस घट्ट होत चालली आहे, म्हणून हे लिहावेसे वाटले.

एडिंबरा विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘जामिउत्तवारीख’ या जगाच्या इतिहासाची अरबी प्रत आहे. इराणच्या मंगोल इलखानांचा वजीर रशीदुद्दीन याने १४व्या शतकाच्या सुरुवातीला तब्रिझमध्ये ती करवून घेतली. त्यातल्या एका पानावर पैगंबरांचा जन्म रंगवला आहे. मधोमध पैगंबरांची आई आमिना पहुडली आहे, बाळ देवदूतांच्या हाती आहे, एका बाजूला काठी घेतलेले आजोबा अब्दुल मुत्तलिब, तर दुसऱ्या बाजूने तीन स्त्रिया येताहेत. साचा ख्रिस्तजन्माच्या चित्राचा आहे आणि चित्रकाराने तो लपवलेला नाही. योसेफच्या जागी आजोबा आले, तीन ज्ञानी पुरुषांच्या जागी स्त्रिया आल्या. दुसऱ्या एका पानावर देवदूत जिब्रील पैगंबरांना ईश्वरी संदेश देतो आहे. तिथे पैगंबरांचा चेहरा उघडा आहे. ही पाने घडवून घेणारा वजीर मुसलमान होता आणि ती चितारण्यामागे श्रद्धाच होती.

कुराणात चित्रांवर थेट बंदी नाही, मूर्तिपूजेचा निषेध मात्र ठाम आहे. सजीवांची चित्रे काढणाऱ्यांना कठोर शब्द सुनावणाऱ्या हदिसी, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या परंपरा, आहेत. त्यांचा अर्थ कुठवर ताणायचा, याबद्दल शतकानुशतके आणि प्रांतोप्रांती मतभेद राहिले. मशिदीच्या भिंतीला जे चालले नाही, ते दरबारी पोथीच्या पानाला चालले.

पुढे चित्रकारांनी स्वतःच वाट बदलली. इराणचा सफवी शाह तहमास्प याच्यासाठी १५३९ ते १५४३ या काळात कवी निजामीच्या ‘खम्सा’ची जी प्रत झाली, तिच्यातले मेराजचे, म्हणजे पैगंबरांच्या स्वर्गारोहणाचे, चित्र पाहावे. गडद निळी रात्र, पांढऱ्या ढगांची वेटोळी, तबके घेऊन धावणारे देवदूत आणि मधे बुराक या दिव्य वाहनावर स्वार पैगंबर. त्यांच्याभोवती सोनेरी ज्वाळा उसळताहेत आणि चेहऱ्यावर शुभ्र पडदा आहे. डोळे त्या कोऱ्या जागेवर पुन्हा पुन्हा जातात. मला हे चित्र भीतीपोटी काढलेले वाटत नाही. ज्या नूरापुढे, दिव्य प्रकाशापुढे, रंग तोकडे पडतात, त्याला चित्रकाराने केलेला तो सलाम आहे. तुर्कस्तानात सुलतान तिसऱ्या मुरादसाठी १५९५च्या सुमारास ‘सियेर-इ-नेबी’ हे सहा खंडांचे सचित्र चरित्र पुरे झाले, तिथेही हाच पडदा दिसतो. पुढच्या शतकात हाफिज उस्मानसारख्या सुलेखनकारांनी चित्रच बाजूला ठेवले. पैगंबरांच्या रूपाचे वर्णन त्यांनी देखण्या अक्षरांत मांडले, त्याला ‘हिल्या’ म्हणतात. तो घराघरांत भिंतीवर लागला. आपल्याकडे मोहरमच्या मिरवणुकीत पंजा निघतो, त्याचेही नाते याच रीतीशी आहे. पाच बोटांत पैगंबर, फातिमा, अली, हसन आणि हुसेन हे पाच जण मानायचे. चेहरा एकाचाही नाही.

चेहरा झाकण्याची ही रीत समृद्ध होती. पुसण्याची रीत मात्र दरिद्री आहे, आणि तीही जुनीच आहे. कित्येक पोथ्यांत नंतरच्या मालकांनी चेहरे खरवडून काढले आहेत. आज चाकू लागत नाही, तक्रार पुरते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या हॅमलिन विद्यापीठात एका कलाशिक्षिकेने तासाला पूर्वसूचना देऊन ‘जामिउत्तवारीख’मधले चित्र दाखवले. एका विद्यार्थिनीने तक्रार केली. पुढच्या सत्रात त्या शिक्षिकेला काम मिळाले नाही, आणि विद्यापीठाच्या पत्रात ‘इस्लामद्वेष’ हा शब्द आला. अमेरिकेतल्या मुस्लिम संघटनांनीच शिक्षिकेची बाजू घेतल्यावर तो शब्द चुकला, असे विद्यापीठाने मान्य केले.

दुखावलेल्या विद्यार्थिनीची भावना मला खोटी वाटत नाही. २००५ मधली डॅनिश व्यंगचित्रे आणि २०१५ मधले पॅरिसचे हत्याकांड यांनंतर पैगंबरांचे चित्र म्हटले की अनेकांना आधी टवाळीच आठवते, मग रक्त. टवाळीसाठी काढलेले व्यंगचित्र आणि भक्तीने रंगवलेले पान यांत फरक करण्याची सवय इथेच सुटते, आणि खरा धोका हाच आहे. ‘असे चित्र कधी नव्हतेच’ असे एक बाजू दटावून सांगते. दुसरी बाजू तीच जुनी पाने मुसलमानांना चिडवण्यासाठी फडकावते. तब्रिझच्या त्या चित्रकाराचे म्हणणे दोघांनाही ऐकायचे नसते. शिक्षक ते पान वगळू लागले, संग्रहालये ते पेटीत ठेवू लागली, तर एका पिढीतच खोटी समजूत इतिहास म्हणून शिकवली जाईल. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवरच्या हल्ल्यात पोथ्यांची काय दशा झाली, ते पाहिलेल्या आपल्याला हे समजावून सांगायला नको.

ज्याला ही चित्रे पाहायची नाहीत, त्याला सक्ती नसावी. आधी सांगावे, त्याला उठून जाऊ द्यावे. पण ज्याला पाहायची आहेत, त्याच्यापासून ती दडवू नयेत. मुळात उरले आहे तेच अपुरे. रशीदुद्दीनला १३१८ मध्ये ठार मारण्यात आले आणि त्याने वसवलेली ग्रंथांची वस्ती लुटली गेली. तिथल्या अरबी ‘जामिउत्तवारीख’ची जी थोडी पाने वाचली, ती आज एडिंबरात आणि खलिली संग्रहात आहेत. दोन्हीकडची एकत्र केली तरी ग्रंथ पुरा होत नाही.