विश्लेषण : पनवेलच्या टॉवरना गच्चीवरचा पाऊस पुरेल का?

खाली दुकाने, मध्ये कार्यालये, वर घरे. पनवेल-खारघर पट्ट्यात अशा उंच इमारती वाढत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यानंतर त्यांची मागणी आणखी वाढेल. जाहिरातीत सौर पॅनेल आणि पर्जन्यजल संधारण असतेच. पण त्याने भागते का?

पाणी किती लागते?

पनवेलचे हक्काचे देहरंग धरण उन्हाळ्यात पुरत नाही. शहराला जीवन प्राधिकरण आणि एमआयडीसीच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. उदाहरण म्हणून ३० मजले, ४०० घरे आणि १,६०० रहिवासी धरू. माणशी १३५ लिटर या मानकानुसार नुसत्या घरांनाच रोज २ लाख १६ हजार लिटर पाणी लागेल.

पाऊस किती दिवस पुरेल?

गच्ची ८०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस अडीच हजार मिलिमीटर धरला, तर थेंबही वाया न जाता २० लाख लिटर पाणी मिळेल. म्हणजे जेमतेम नऊ दिवसांचे! मजले वाढले की माणसे वाढतात, गच्ची वाढत नाही.

मग उपाय कोणता?

सांडपाण्याचा पुनर्वापर. फ्लशसाठी माणशी सुमारे ४५ लिटर पाणी जाते. तिथे प्रक्रिया केलेले पाणी वापरले, तर रोज ७२ हजार लिटर वाचतात. दहा हजार लिटरचे सात टँकर, तेही भर मे महिन्यात. त्यासाठी वेगळी जलवाहिनी बांधकामाच्या वेळीच टाकावी लागते.

विजेचे काय?

एवढे पाणी १०० मीटर उंच चढवायला रोज सुमारे १२० युनिट लागतात. निम्मे पाणी मधल्या मजल्यावरच्या टाकीतून दिले, तर त्यातली पाव वीज वाचते. गच्चीवर ४० किलोवॉटचे पॅनेल बसले, तर रोज साधारण १६० युनिट मिळतात. ४०० घरे त्यावर चालणार नाहीत. पंप मात्र दुपारी चालतील. उरलेली वीज खालच्या दुकानांना, कारण त्यांची मागणी दिवसाच असते. मिश्र वापराचा खरा फायदा हाच. 'पीएम सूर्यघर' योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८ हजार रुपये अनुदानही आहे.

अडते कुठे?

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत संधारण, पुनर्वापर आणि सौरऊर्जेची तरतूद आहे. प्रश्न ताबा मिळाल्यानंतरचा आहे. प्रक्रिया केंद्राचे वीजबिल आणि देखभाल दुकानदारांनी किती द्यायची, रहिवाशांनी किती, यावर एकमत झाले नाही की केंद्र बंद पडते आणि टँकर सुरू होतो. म्हणून ही वाटणी विक्री करारातच लिहिलेली हवी. महापालिकेनेही भोगवटा प्रमाणपत्र देऊन न थांबता दरवर्षी केंद्र तपासावे आणि निकाल जाहीर करावा. घर घेणाऱ्याने एकच प्रश्न विचारावा : फ्लशला कोणते पाणी येते?