केसपेपरवर न लिहिलेली वेळ

जून उजाडला की आपल्या भागातल्या दवाखान्यांतली गर्दी बदलते. खोकल्याचे पेशंट मागे पडतात आणि पोट धरून बसलेले पुढे येतात. कल्याणजवळच्या मोहने-आंबिवलीतला कुठलाही दवाखाना डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळचे साडेसात वाजलेत, बाकावर एक रिक्षावाला वाकून बसलाय. "काय खाल्लं होतं?" "काही नाही डॉक्टर, घरचंच." मग शेजारून बायको आठवण करून देते, "अहो, काल हळदीला नव्हतो का गेलो?" तोवर डॉक्टरांच्या हाताने केसपेपरवर 'एजीई', म्हणजे ॲक्यूट गॅस्ट्रोएन्टेरायटिस, लिहून झालेले असते. खाली ओन्डान्सेट्रॉन, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, पॅन्टोप्राझोल. "एक सलाईन लावा ना, उद्या गाडी काढायचीय." सलाईन लागते, माणूस दोन दिवसांत उठून कामाला लागतो, आपण डॉक्टरही विसरतो. ती हळद कोणत्या गावची, जेवण किती वाजता झाले, त्याच पंगतीतले आणखी किती जण पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावून घेत होते, हे कुठल्याच कागदावर येत नाही.

७ जूनला जागतिक अन्न सुरक्षा दिन असतो. हात धुण्याची पोस्टर्स लागतील, भाषणे होतील. आपण मात्र या अंकात त्या कागदाबद्दल बोलू.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अन्नजन्य आजारांचा पहिला मोठा हिशेब मांडला. जंतू, विषाणू, कृमी आणि रसायने मिळून ३१ घटक त्यात धरले होते. २०१० या एका वर्षात जगभर ६० कोटी माणसे दूषित अन्नाने आजारी पडली, म्हणजे दहात एक, आणि ४ लाख २० हजार दगावली. त्यातली सव्वा लाख पाच वर्षांखालची मुले होती. लोकसंख्येत या वयाची मुले शेकडा नऊ, आजारांच्या एकूण भारात मात्र त्यांचा वाटा शेकडा चाळीस. भारत ज्या आग्नेय आशिया विभागात मोडतो, तिथे १५ कोटी आजारी आणि पावणेदोन लाख मृत्यू. या यादीत फक्त जुलाब नाहीत. टायफॉइड आहे, हिपॅटायटिस ए आहे, आणि टीनिया सोलियम ही फीतकृमीही आहे. कोबीच्या पानावरून पोटात गेलेल्या अंड्यामुळे कित्येक वर्षांनी फिट येणारा तरुण न्यूरॉलॉजिस्टकडे जातो. तोही खरे तर याच यादीतला, पण त्याच्या फायलीवर 'अन्न' हा शब्द कुणी लिहीत नाही.

हे आकडे मोजलेले नाहीत, अंदाजाने काढलेले आहेत. जुलाबांपैकी किती अन्नाने, किती पाण्याने आणि किती एकमेकांच्या हातांनी, हे ठरवायला तज्ज्ञांची मते गोळा करून त्यांवर गणित मांडावे लागले, कारण मूळ नोंदी नव्हत्या. कशा असतील? त्या आपल्या टेबलावरच तयार व्हायला हव्या होत्या.

पैशांचा हिशेब जागतिक बँकेने २०१८ मध्ये केला. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत असुरक्षित अन्नामुळे वर्षाला ९५ अब्ज डॉलरची उत्पादकता बुडते आणि उपचारांवर आणखी १५ अब्ज डॉलर जातात. औषधांच्या खर्चापेक्षा बुडालेला रोज सहापट मोठा आहे. आपल्या डोळ्यांपुढे मात्र नेहमी औषधाची चिठ्ठी असते, रोज नसतो. शिवाय बुडालेल्या आयुष्याला त्या देशाच्या दरडोई उत्पन्नाने गुणून हा आकडा काढलेला आहे. म्हणजे जिथे माणूस गरीब तिथे त्याचा दिवसही स्वस्त धरलेला. ज्याच्या घरात दिवसाची कमाई हीच सगळी मिळकत आहे, त्याला तो दिवस किती महाग पडतो हे या रीतीत बसत नाही.

हा हिशेब समजायला मोहने फार चांगली जागा आहे. इथली एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, २००९ साली बंद पडली. तिच्याबरोबर आजारपणाची पगारी रजाही अनेक घरांतून गेली. आज तिथल्या दवाखान्यात येणारा माणूस रिक्षा चालवतो, नाक्यावर उभा राहतो, नाहीतर पहाटेच्या लोकलने कंत्राटी कामाला जातो. समजा त्याचा रोज सातशे रुपये. तीन दिवस गेले तर एकवीसशे, त्यात फी, औषधे, सलाईन. मुलालाही तेच झाले असेल तर घरकाम करणाऱ्या आईचेही दोन खाडे. एका हळदीच्या जेवणाची ही किंमत. पंगतीला दीडशे माणसे असतील आणि त्यातली चाळीस आजारी पडली असतील, तर आकडा कुठे जातो ते प्रत्येकाने आपल्या कॅल्क्युलेटरवर पाहावे.

याच मोहनेला उल्हास नदीवरून महापालिका पाणी उचलते. नदीवरची जलपर्णी आणि नाल्यांतून येणारे सांडपाणी यावर इथे आंदोलने झाली आहेत. त्यामुळे आपल्याकडे जुलाब म्हटले की बोट आधी पाण्याकडे जाते, आणि ते चूक नाही. पण पाण्याकडे बोट दाखवले की जेवणाची चौकशी थांबते, ही आपली जुनी खोड. पाणीपुरीच्या गाडीवर तर पाणी, बर्फ, हात आणि चिंचेची चटणी एकाच बशीत येतात. तिथे अन्न कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते, हे चौकशीशिवाय कोण सांगणार?

उद्रेक आपल्याला केव्हा दिसतो? सगळे एकाच ठिकाणी, एकाच वेळी आडवे झाले तरच. जानेवारी २०२४ मध्ये शहापूर तालुक्यातल्या भातसईच्या आश्रमशाळेत बाहेरच्या कार्यक्रमातला पुलाव आणि गुलाबजाम खाऊन शंभराहून जास्त मुले आजारी पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कळव्यातल्या एका शाळेत मध्यान्ह भोजनानंतर चाळीसच्या आसपास मुलांना दवाखान्यात न्यावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आधी नांदेडच्या लोहा तालुक्यात, मग बुलढाण्याच्या लोणार तालुक्यात सोमठाण्याला, एकादशीच्या भगर-आमटीने अख्खी गावे आडवी झाली. सोमठाण्याच्या रुग्णांना खाटा पुरल्या नाहीत, म्हणून रस्त्याकडेला दोर बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या. ती छायाचित्रे आपण सगळ्यांनी पाहिली. भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि विषे तयार करते, असे अन्न व औषध प्रशासन दर उपवासाच्या हंगामात सांगते. एकादशीला गावभर एकच पदार्थ शिजतो, म्हणून ते लक्षात आले. डोंबिवलीतल्या हॉटेलातला शिळा भात दहा सोसायट्यांतल्या दहा माणसांनी खाल्ला तर ते दहा जण दहा डॉक्टरांकडे जातात आणि उद्रेक दहा एजीईंमध्ये विरघळून जातो.

यातून काय निसटते ते पुण्याने दाखवले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागोमाग येऊ लागले. संशयित आकडा दोनशेच्या पुढे गेला. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. संशय प्रामुख्याने पाण्यावर होता, कोंबडीचीही तपासणी झाली. आपल्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. हा आजार जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी येतो. म्हणजे पाय लुळे पडण्याआधी त्यांतल्या बऱ्याच जणांना जुलाब झाले होते, आणि तेव्हा ते कुणातरी फॅमिली डॉक्टरच्या बाकावर बसले असणार. त्या आठवड्यात त्या भागातल्या दवाखान्यांनी नुसता आकडा जरी एकमेकांना सांगितला असता, तरी महापालिकेला काही दिवस आधी जाग आली असती. नंतर आयव्हीआयजीचे, म्हणजे शिरेतून द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनचे, एकेक इंजेक्शन वीस हजारांच्या घरात गेले. किलोमागे दोन ग्रॅम हा हिशेब आपल्याला ठाऊक आहे, घरे विकायची वेळ येते ती इथे.

नोंद का होत नाही याची कारणे आपल्यालाही माहीत आहेत आणि ती सगळी खोटी नाहीत. स्टूल कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत पेशंट बरा झालेला असतो. खर्च त्याच्या खिशातून जातो. ज्या हॉटेलवर संशय आहे त्याचा मालकही आपलाच पेशंट असतो. आणि 'फूड पॉयझनिंग' हे शब्द लिहिले की एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलीस, पुढे कोर्ट, ही धास्ती. त्यापेक्षा 'एजीई' बरे. यावर आमचे म्हणणे इतकेच की क्षयरोगाच्या वेळीही हीच कुरकुर होती. मे २०१२ पासून खासगी डॉक्टरांना नोंद सक्तीची झाली तेव्हा 'पेशंट पळून जातील' असे आपल्याच सभांत बोलले गेले. आज 'निक्षय' या क्षयरोग-नोंदीच्या पोर्टलवर नाव घालताना कुणाचा हात थरथरत नाही.

दुसरी अडचण व्यवस्थेची आहे. आजारी माणूस महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या कक्षेत येतो, आणि त्याने खाल्लेले अन्न राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या. दोन खाती, दोन रजिस्टरे. प्रशासनाचा अधिकारी ठाण्याहून पोहोचेपर्यंत पातेली घासून पालथी घातलेली असतात. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ३५ नुसार अन्नविषबाधेच्या घटना कळवण्याचे बंधन अन्न प्राधिकरण अधिसूचना काढून डॉक्टरांवर घालू शकते. हे कलम आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? त्याच कायद्याचे कलम ६५ सांगते की असुरक्षित अन्नाने मृत्यू झाला तर किमान पाच लाखांची भरपाई. पण ज्याच्या केसपेपरवर काय खाल्ले, कुठे खाल्ले, केव्हा खाल्ले यांतले काहीच नाही, तो भरपाई मागणार कशाच्या आधारावर? आपल्या आळसाने त्याचा पुरावा गेलेला असतो.

म्हणून जेवणाची वेळ लिहा. हा आग्रह क्षुल्लक वाटेल, पण निदानाचे अर्धे काम तीच करते. खाल्ल्यानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या, ताप नाही, तर स्टॅफचे किंवा बॅसिलस सेरियसचे तयार विष पोटात गेले आहे. सकाळी शिजवून रात्रीपर्यंत उघडा ठेवलेला भात, हाताने मळलेला खवा. तिथे अँटिबायोटिकचे काहीच काम नाही. आठ ते सोळा तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब, तर मोठ्या पातेल्यात हळूहळू निवलेले मटण आठवा आणि क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिंजन्स. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप, शौचात रक्त, तर साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर; इथे ऑफ्लॉक्सासिन देण्याआधी नमुना घ्या, कारण आपल्याकडे या गटातल्या औषधांना दाद न देणारे जंतू आता नवे राहिलेले नाहीत. कावीळ झाली तर चौकशी मागच्या महिन्याची करावी लागते. आणि दहा दिवसांपूर्वी जुलाब झालेला माणूस पायांत मुंग्या येतात म्हणाला, तर बी-ट्वेल्व्हचे इंजेक्शन देऊन परत पाठवू नका, गुडघ्यावर हातोडी मारून पाहा.

सलाईनबद्दल एक शब्द. ज्याला पिता येते त्याला ओआरएस पुरते, मुलांना सोबत झिंक चौदा दिवस. बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्यावर कॉलऱ्याचे रुग्ण वाचवून पन्नासेक वर्षे लोटली, तरी आपल्या बाकावर बाटली टांगल्याशिवाय पेशंटला उपचार झाल्यासारखे वाटत नाही. आणि आपल्यालाही, खरे सांगायचे तर, ते वाटणे मोडून काढायची घाई नसते.

प्रतिबंधाचे बरे उदाहरण मात्र आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस सरकारी मोहिमेतून दिली, तशी देणारी देशातली ती पहिली. पहिल्याच टप्प्यात लाखाहून अधिक मुलांना टोचली गेली. कल्याण-डोंबिवलीत अशी मागणी करायची तर आधी टायफॉइड किती हे दाखवावे लागेल, आणि ते विडाल चाचणीच्या चिठ्ठ्यांनी दाखवता येणार नाही. त्याला ब्लड कल्चर लागतात आणि त्या कल्चरची नोंद लागते.

या पावसाळ्यात आमची विनंती एवढीच आहे. उलटी-जुलाबाच्या प्रत्येक केसपेपरवर जेवण कुठले आणि किती वाजता हे लिहा. एकाच जेवणातले, एकमेकांच्या घरातले नसलेले दोन पेशंट दिसले की तो उद्रेक धरा, तिसऱ्याची वाट पाहू नका. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी त्यातल्या एकाचा तरी नमुना घ्या आणि त्याच संध्याकाळी आपल्या प्रभागाच्या आरोग्य केंद्राला फोन करा. अन्नाबद्दलची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर करता येते. उरलेले अन्न फेकू नका, असे पेशंटच्या घरच्यांना सांगायला विसरू नका. अधिकारी येईपर्यंत ते फ्रीजमध्ये झाकून ठेवायचे असते.