डॉक्टर, कुत्रा पाळू का?

गेल्या महिन्यात विट्याजवळच्या एका वाडीवरचे आईवडील सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झाल्याने त्याचे हातपाय ताठ राहतात, मूठ उघडत नाही. चुलता गलाईच्या धंद्यानिमित्त दक्षिणेत असतो. त्याने मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली होती, कुत्र्याच्या संगतीने सुधारलेल्या मुलाची. वडील म्हणाले, "डॉक्टर, लॅब्रॅडॉरचं पिल्लू सांगून ठेवलंय. ते आलं की व्यायामाचे हेलपाटे बंद केले तर चालेल ना?"

या शेवटच्या वाक्याने मला धडकी भरली.

कुत्र्याच्या साह्याने उपचार ही थाप नव्हे. अमेरिकेतील बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या खोलीत त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा असे. कोणाशी न बोलणारा एक मुलगा त्या कुत्र्याशी खेळताना मोकळा झाला, आणि 1962 साली लेव्हिन्सन यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. आपल्याकडे मुंबईत मिनल कविश्वर या मानसतज्ज्ञांनी 'अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन' काढून स्वमग्न आणि अपंग मुलांसाठी हे काम सुरू केले.

पण तेथे कुत्रा नेमके काय करतो? ताठ हात वर उचल म्हटले की मूल रडते. तोच हात कुत्र्याच्या पाठीवर ब्रश फिरवायला आपणहून पुढे जातो. चेंडू फेकायचा तर मूठ सोडावी लागते. 'बस' म्हणायचे तर तोंडातून शब्द काढावा लागतो. कोणती हालचाल, किती वेळा, हे उपचारतज्ज्ञ ठरवतो. कुत्रा मुलाला त्यासाठी राजी करतो, एवढेच. भीती कमी होते, मूल सहकार्य करते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. पण ते अभ्यास बहुतेक लहान आहेत. मेंदूची इजा कुत्र्याने भरून येत नाही. व्यायाम सोडला तर सांधे आखडतात, आणि आकडीच्या गोळ्या मनाने बंद केल्या तर जिवावर बेतू शकते.

शिवाय उपचाराचा कुत्रा पारखून, शिकवून तयार करतात. कान ओढला, अंगावर किंचाळले तरी तो बिथरता कामा नये. वाडीवरच्या राखणीच्या कुत्र्याकडून ही अपेक्षा करू नका. काही स्वमग्न मुलांना तर नुसते भुंकणेही सोसत नाही. घरी कुत्रा असेलच तर त्याला दरवर्षी रेबीजची लस टोचा, मुलाला त्याच्याजवळ एकटे सोडू नका. चावला किंवा ओरखडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका.

मग विट्यातल्या पालकांनी काय करावे? माझे मत असे, की पिल्लाचे पैसे व्यायामाच्या फेऱ्यांसाठी ठेवावेत आणि मुलाचा जीव कशात रमतो ते पाहावे. या मुलाच्या दारात शेळ्या आहेत आणि एका करडावर त्याचा फार जीव. आमच्या व्यायामवाल्या बाईंनी आईला शिकवले : करडू धरून समोर बसायचे, पाला मुलाच्या हातात द्यायचा, मनगट हळूच तळव्याच्या बाजूला वाकवून बोटे सैल करायची. रोज दहा मिनिटे, मग साबणाने हात धुवायचे. कुत्र्यावर झाला तसा अभ्यास करडावर झालेला मला माहीत नाही. पण मूल ज्यासाठी हात पुढे करील त्याच्या आधाराने व्यायाम घ्यायचा, हे तत्त्व तेच.

परवा तिघे पुन्हा आले. मुलगा चालत नाही, पण शेवरीचा पाला देताना उजव्या हाताची दोन बोटे आपणहून उघडतो, असे आई सांगत होती. व्यायामाला येणे चालू आहे. करडू मात्र वडिलांनी पुढच्या बाजाराला काढायचे ठरवले होते. त्यावरून नवराबायकोची माझ्यासमोरच जुंपली, आणि मी बाईंची बाजू घेतली.