तेल गळते एकदाच, विहीर मात्र वर्षानुवर्षे बाधित

दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्राने जुलै २०२५ मध्ये लागू केले. संशयित जागांची यादी जिल्हा पातळीवरून दर सहा महिन्यांनी जायची, प्राथमिक तपासणी राज्य मंडळाने ९० दिवसांत करायची, खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. छान. पण कारखान्याच्या आवारातली पुरलेली इंधनटाकी झिरपत असेल, तर वर काहीच दिसत नाही. मग ती यादीत येणार कशी?

फैजपूर-यावल-रावेर पट्ट्यात हे अधिकच अवघड. इथे तापीचा गाळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचे पाणी मुरणारे थर आणि केळीसाठी अफाट उपसा. पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगते. उन्हाळ्यात भूजल खाली गेले की तेलही उतरते, पावसाळ्यानंतर वर चढते आणि मधली सगळी माती माखून टाकते. वरचे तेल पंपाने काढले तरी ही माती पाण्यात बेंझिन सोडत राहते. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला अवघी १० मायक्रोग्रॅम आहे.

मातीतली वाफ ओढून घेणे, खाली हवा सोडून तेल खाणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू पुरवणे, असे उपाय आहेत. ‘टेरी’चे ‘ऑइलझॅपर’ हे अशाच जिवाणूंचे मिश्रण. उघड्यावरच्या तेलकट मातीत ते मिसळता येते. खोल थरांत पोचवणे वेळखाऊ आणि महाग. त्यापेक्षा टाकीशेजारी तपासणीची एक कूपनलिका कितीतरी स्वस्त. पुनर्भरणासाठी जागा निवडतानाही तिथे पूर्वी इंधनटाकी होती का, हे आधी विचारायला हवे.