स्वप्न कोणाला सांगावे?



स्वप्नाचा विषय निघाला की आपल्या पुरोगामी वर्तुळात कोणी फ्रॉइड काढतो, कोणी हसून विषय बदलतो. माझे दोघांशीही भांडण नाही. पण मी ज्या धर्मात वाढलो त्यात स्वप्न कोणाला सांगावे आणि कोणाला सांगू नये याचे बरेच काटेकोर नियम आहेत, आणि ते मला विवेकवादाच्या फार जवळचे वाटतात.

हदीसप्रमाणे स्वप्ने तीन प्रकारची. अल्लाहकडून आलेली शुभवार्ता, सैतानाने घातलेली भीती आणि आपल्याच मनाचे खेळ. (तिसरा प्रकार फ्रॉइडच्या बाराशे वर्षे आधीचा, हे जाता जाता!) चांगले स्वप्न आपल्यावर माया करणाऱ्यालाच सांगावे. वाईट पडले तर अल्लाहचा आसरा मागून कूस बदलावी आणि गप्प बसावे. कुराणातले याकूबही लहानग्या युसुफला बजावतात की हे भावांना सांगू नकोस. न पडलेले स्वप्न सांगणाऱ्याला जवाच्या दोन दाण्यांची गाठ मारायची शिक्षा आहे, असे बुखारींच्या संग्रहात येते.

खरे स्वप्न हा प्रेषितत्वाचा ४६ वा हिस्सा, ही हदीस तर लोक अभिमानाने ऐकवतात. मला त्यातले उरलेले ४५ हिस्से महत्त्वाचे वाटतात. ते नसल्यामुळेच शरियतच्या जाणकारांनी स्वप्नाला पुरावा मानले नाही. स्वप्नामुळे कोणावर नवे कर्तव्य येत नाही. अजानचे शब्द अब्दुल्ला इब्न झैद यांना स्वप्नात मिळाले, हे खरे. पण ती सुरू झाली पैगंबरांनी होकार दिल्यावर. आज तो होकार देणारा कोण आहे?

हे विसरले की काय होते? मदिनेच्या मशिदीतल्या कोणा शेख अहमदच्या स्वप्नात पैगंबर आले, या पत्राच्या इतक्या प्रती वाटा, नाही वाटल्या तर घरावर संकट येईल, असे पत्र तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. १८८० च्या दशकात डच अभ्यासक स्नूक हुरग्रोन्ये यांनी त्यावर लिहिले होते. पुढे सौदीचे मुख्य मुफ्ती झालेल्या बिन बाझ यांच्यासारख्या कर्मठ विद्वानानेही ते साफ खोटे ठरवले. तरी पत्र काही थांबत नाही. आधी पोस्टाने यायचे, मग ईमेलने, आता व्हॉट्सॲपवर येते.

पत्र निदान कागदावर तरी राहते. २० नोव्हेंबर १९७९ रोजी जुहैमान अल-ओतैबीच्या सशस्त्र टोळीने मक्केची मोठी मशीद ताब्यात घेतली. जुहैमानचा मेहुणा महंमद अल-कहतानी हाच महदी, अशी स्वप्ने त्याच्या साथीदारांना पडली होती. एकाने सांगितले, दुसऱ्यालाही पडले, आणि बघता बघता स्वप्नांची साक्ष तयार झाली. वेढा दोन आठवडे चालला. सरकारी आकड्यांप्रमाणेच दोनशेहून अधिक माणसे मेली, त्यात तो 'महदी'ही होता. जानेवारी १९८० मध्ये ६३ जणांचा शिरच्छेद झाला.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की स्वप्न पडले म्हणून कोणाला मागासलेला म्हणू नका. त्या स्वप्नाच्या जोरावर तो दुसऱ्याला काही करायला सांगू लागला तर मात्र जरूर अडवा, आणि अडवताना त्याच्याच परंपरेचा आधार घ्या. आपल्या नास्तिक युक्तिवादापेक्षा तो त्याला लवकर पटेल.

मलाही गेल्या रमझानमध्ये एक स्वप्न पडले. त्यात माझे वारलेले वडील होते. तपशील देत नाही. सगळे वाचक माझ्यावर माया करतात असा माझा दावा नाही! रत्नागिरीला बहिणीला फोनवर सांगितले. ती थोडी रडली, मग म्हणाली, "बरं झालं, मला सांगितलंस." माझ्या बायकोकडून मात्र ते इथल्या एका परिचितांच्या घरी पोचले. इफ्तारच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतले. वडिलांच्या नावाने काही दान करा, त्यांची तशी इच्छा दिसते, म्हणाले. मी म्हटले, ते मी दरवर्षी करतोच, त्यासाठी त्यांना स्वप्नात यावे लागत नाही.