मला चालतं

आमच्या परसात खुरपं एकच आहे. सकाळी ते सासूबाईंच्या हातात असतं, उन्हं उतरली की माझ्या. दुसरं आणणं अवघड नव्हतं, आणलंही होतं. पण या जुन्या खुरप्याचं पातं वर्षानुवर्षं झिजून असं बसलंय, की मेथीच्या दाट वाफ्यातही रोपाला धक्का न लावता हरळी मुळासकट निघते. नवं खुरपं आठवडाभरात अडगळीत गेलं. पात्यावर आमचं दोघींचं एकमत होतं. अडत होतं ते मुठीशी.

आईंना संधिवात आहे. बोटं पूर्ण मिटत नाहीत. दुखऱ्या हाताला बारीक मूठ बरी पडेल, असं मला कित्येक दिवस वाटत होतं. खरं तर उलट असतं. बारीक मूठ धरायला बोटं जास्त आवळावी लागतात आणि नेमकं तेच त्यांना जमत नाही. त्यांना हवी जाड मूठ. माझा हात लहान. जाड मूठ धरली की बोटं नि अंगठा एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, आणि एक वाफा होईतो मनगट भरून येतं.

आधी मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या मुठीला घट्ट गुंडाळल्या. आईंना आराम पडला, माझा हात दुखायला लागला. आईंच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी पट्ट्या सोडून, गुंडाळी करून पायरीवर ठेवलेल्या. "राहू दे गं, मला चालतं."

हे 'मला चालतं' मी आमच्या घरात फार ऐकलंय. वस्तू दोघांची असली तरी बेतलेली एकाच्याच हाताला असते आणि दुसरा हात निमूटपणे सोसतो.

१९९० साली अमेरिकेत सॅम फार्बर यांनी जाड, मऊ मुठीचं सोलाणं बाजारात आणलं. त्यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता, साधं सोलाणं हातात धरवत नव्हतं. त्या रबरी मुठीला दोन्ही बाजूंनी बारीक पापुद्र्यांसारख्या चिरा आहेत. अंगठा टेकला की तेवढीच जागा दबते, म्हणजे ज्याचा हात त्याचा आकार. मला ती युक्ती फार आवडते. पण सोलाण्याचं काम हलकं. खुरप्यावर जोर लावावा लागतो, तिथे मूठ दबत राहिली तर पातं डुगडुगतं.

जोर लावून धरायच्या हत्याराची मूठ सव्वा ते दोन इंच जाड असावी, असं अमेरिकेतल्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या २००४ च्या पुस्तिकेत आहे. आमची लाकडी मूठ मोजली तर ३२ मिलिमीटर भरली, म्हणजे सव्वा इंच. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम ९ मिलिमीटर जाडीचा मिळतो. दोन्ही बाजूंचे मिळून १८, एकूण ५०. दोन इंचांच्या अगदी जवळ. शिवाय तो पाणी पीत नाही. वीतभर तुकडा घेतला, उभी चीर दिली आणि मुठीवर चढवला.

पहिल्याच दिवशी तो गोल फिरला. जोर लावताना पातं आडवं झालं आणि आईंच्या बोटापाशी आलं. त्या काही बोलल्या नाहीत, माझ्या मात्र पोटात धस्स झालं. सुताराकडून मूठ दोन बाजूंनी जराशी रंधून घेतली, लंबगोल. आता फोम फिरत नाही, आणि पातं कुठे वळलंय हे न बघताही हाताला कळतं.

तरीही आई तो चढवत नव्हत्या. फोम मी खिळ्याला टांगून ठेवायचे. त्यांनी तो काढावा, चीर फाकवावी, मुठीवर बसवावा. ज्या बोटांसाठी तो केला, त्याच बोटांना ही खटपट! बाजारातल्या उंची बदलणाऱ्या काठ्यांचंही असंच आहे. भोकं हव्या तितक्या उंचीवर, पण मधली कळ दाबायला अंगठ्यात बळ लागतं आणि काठी हवी असते ती बहुधा अंगठ्यात बळ नसलेल्यांनाच.

मग मी उलटं केलं. फोम कायम मुठीवरच. काढायचा तो मी, माझं काम झालं की पुन्हा चढवायचाही मीच. मला त्याला दोन क्षण लागतात.

आईंच्या माहेरी जातं होतं. खुंट्यावर दोघींच्या मुठी एकावर एक बसायच्या, असं त्या सांगतात. एक उंच, एक बुटकी असली तरी खुंटा उभा असल्यामुळे जिला जिथे सोयीचं तिथे हात. तिथे कुणालाच काही चढवावं-उतरवावं लागत नव्हतं. खुरप्याला तेवढं साधलेलं नाही, हे मला मान्य आहे. जमिनीशी वाकून ओढायच्या मुठीला जागा वीतभरच असते.

परवा पावसाची भुरभुर आली म्हणून मी खुरपं तसंच पायरीवर टाकून आत पळाले. सकाळी चहा गाळत होते, तर परसातून हाक आली, चांगली खणखणीत.

"अगं, याचं टोपडं कुठं टाकलंस? चढव बघू आधी, मला असं नाही चालायचं."

चहा ओट्यावर तसाच ठेवून मी परसात धावले.