साराला क्रीम कशाला?

आमच्या किनाऱ्यावर नारळ बागेत पडून कोंब काढतात आणि माशाचं सूप दाट व्हावं म्हणून लोक शहरातून क्रीमचे डबे आणतात. याला मी अडाणीपणा म्हणतो. दहावी शिकलेल्या शेतकऱ्यानं कुणाला अडाणी म्हणू नये हे मान्य, पण दुसरा शब्द सापडत नाही.

तारकर्ली-देवबागच्या बाजूला घरोघर निवास-न्याहारीची सोय झाली. चांगलं झालं, मुंबईला गेलेली पोरं परत आली. अशाच एका घरी मी ते 'सी-फूड क्रीम सूप' चाखलं. पांढरं, गुळगुळीत, आत सुरमईचे चार चौकोनी तुकडे आणि सोललेली कोलंबी. मासा कुठं आहे ते जिभेला शोधावं लागत होतं. मागच्या दारी गेलो तर कोलंबीची डोकी कुत्र्यापुढं टाकलेली, आणि तिसऱ्या उकडलेलं पाणी मोरीत ओतलेलं. ज्यात सगळी चव होती तेच फेकलं आणि मग चवीसाठी पाकिटातली पूड घातली.

काहीजण म्हणतील, मासे आणि दूध एकत्र खाऊ नये असं जुनी माणसं सांगायची, म्हणून तुम्ही चिडता. तसं नाही. माझा एक भाचा बरीच वर्षं बोटीवर भटारखान्यात होता. तो सांगतो, अमेरिकेत बोस्टनच्या बाजूला शिंपल्यांचं सूप दूध आणि बटाटा घालून करतात, आणि स्कॉटलंडात धुरावलेला हॅडॉक मासा दुधात शिजवतात. पिढ्यान्‌पिढ्या खातात, त्यांना काही होत नाही. मी त्याला विचारलं, मग ते नारळाचा रस का घालत नाहीत? तो हसला. "मामानू, थंयसर नारळ खंय?" झालं. त्यांच्या दारात गाय, म्हणून दूध. आमच्या दारात माड, म्हणून रस. भाच्यानं आणखी एक सांगितलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिकडचा जाणता आचारी शिंपल्याचं पाणी कधी फेकत नाही, सूप त्यातच करतो. म्हणजे आमच्या पोरांनी नक्कल केली तीही अर्धीच.

आता सार कसं होतं ते सांगतो. सहा माणसांना दोन नारळ पुरतात. खवून पाट्यावर वाटा नाहीतर मिक्सरवर, मी पाट्याचा हट्ट धरत नाही, कारण वाटणारा मी नव्हे. अर्धी वाटी कोमट पाणी घालून पहिला जाड रस पिळून बाजूला ठेवायचा. मग त्याच चोथ्यात दोन चमचे भिजवलेले तांदूळ घालून पुन्हा वाटायचं आणि पातळ रस काढायचा. दाटपणा इथून येतो. मैदा नको, लोणी नको.

तिसऱ्यांचे दोन वाटे घ्या. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की वाळू सोडतात. शिजवण्याआधीच ज्या उघड्या पडल्यात आणि टिचकी मारली तरी मिटत नाहीत, त्या टाकून द्यायच्या. बाकीच्या टोपात घालून वर झाकण, पाणी अजिबात नाही. आपल्याच वाफेवर त्या उघडतात आणि पाणी सोडतात. ज्या उघडल्या नाहीत त्याही टाका. पाणी फडक्यातून गाळून जपून ठेवा. ते खारट असतं, म्हणून मीठ सगळ्यात शेवटी, चाखून.

मासळी बारीक हवी. मुडदुसे, शेवटे, मिळाले तर सौंदाळे, आणि मूठ-दोन मूठ सुंगटं. पेडवे नकोत, तेलकट असतात, त्यांचं तिखलंच करावं. सुंगटांची डोकी आणि सालं चमचाभर खोबरेल तेलात लाल होईपर्यंत परतायची. मग माशांची डोकी, पण कल्ले काढून, नाहीतर कडवट लागतं. कांदा, आलं, दोन हिरव्या मिरच्या, चिमूटभर हळद, बिया काढलेली चार-पाच तिरफळं. लिटरभर पाणी घालून वीस मिनिटं उकळा. जास्त उकळलं तर चव चढत नाही, बिघडते. चांगलं दाबून गाळा. त्यात पातळ रस आणि तिसऱ्यांचं पाणी घालून उकळी आणा. मग माशाचे तुकडे आणि सुंगटं घाला. पाच मिनिटांत शिजतात. तिसऱ्यांचं मांस त्यानंतर. आता आच एकदम बारीक करा आणि जाड रस घाला. उकळी फुटू द्यायची नाही, रस फाटतो. खाली उतरवून तीन-चार कोकमं. उकड्या तांदळाची पेज असेल तर काही विचारू नका.

हे एवढं सविस्तर लिहिलं कारण भांडण फक्त जिभेचं नाही. क्रीमच्या सुपाला लागते सुरमई आणि मोठी कोलंबी. ती मोठ्या बोटींची मासळी, जेटीवरच्या लिलावातून येते. साराला लागते रापणीची आणि खाडीची मासळी, जी बाई टोपलीत घेऊन दारावर येते. पूर्वी रापणीच्या दोरीला हात लावला की वाट्याची मासळी मिळायची. ती सगळी अशीच मिसळ, सार करायलाच जन्मलेली. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली सरकारनं बंधनं आणली, तरी रापणकाराचं रडणं थांबलेलं नाही. आमच्याकडं येणारी मासळीवाली मला म्हणाली, "काकानू, ही बारकी मासळी आता कोन घेता? सगळ्यांका सुरमय व्हयी." गावातल्यांनासुद्धा! शहराचं नाव कशाला घ्यायचं?

इथं एक गैरसमज नको. बारीक मासळी म्हणजे जी जातच बारीक आहे ती. सुरमईची वीतभर पिल्लं बाजारात येतात, ती घेणं हे पाप आहे, ती सारातही नकोत.

आणि तिसऱ्या. त्या खाडीच्या वाळूत राहतात. सक्शन पंप लावून वाळू उपसली की त्यांचं घरच गेलं. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायका आमच्या खाडीवर पूर्वी रांगेनं दिसायच्या, आता दोन-तीन दिसतात. वाळूला दर ब्रासला भाव आहे, तिसऱ्यांना गिऱ्हाईक नाही, मग खाडीसाठी भांडणार कोण? निवास-न्याहारीवाल्या प्रत्येक घरानं आठवड्याला चार वाटे घेतले असते, तर त्या बायकांच्या मागं उभं राहायला गावात पन्नास घरं असती. ग्रामसभेत वाळूचा विषय निघाला तेव्हा त्यातलं एकही घर बोललं नाही.

त्या सूपवाल्या पोराला मी हे सगळं ऐकवलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यानं, पोरगा चांगला आहे. म्हणाला, "काकानू, पावण्यांका काटे चलनत नाय." अरे बाबा, काटे गाळणीत राहतात, सारात एक उतरत नाही. वर पाडव्याला दोन नारळही त्याच्या घरी पोचते केले. त्यानं अजून करून बघितलेलं नाही.